पांढऱ्या खांद्यावरचा अंगठा

माझ्या धाकट्या भावाचे हात मी आजवर कधी धड धुतलेले पाहिले नाहीत. लग्नाच्या फोटोतसुद्धा त्याच्या नखांत काळं आहे. आमच्या वडिलांना त्याचंही कोण कौतुक. कामाचे हात आहेत ते, असं चारचौघांत सांगायचे. माझे हात शिलाईचे, सुया टोचून टोचून बोटांची टोकं खरबरीत झालेली, पण हे कामाचे हात आहेत असं कुणी म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. असो. रडगाणं गायला बसलेली नाही मी. काय झालं ते सांगते, आणि रागाने सांगतेय, हे आधीच सांगून ठेवते.

बाबांचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे, घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. गेट, जाळ्या, लोखंडी जिने, जुन्या टाक्या कापून देणं, सगळं तिथे चालतं. उभा जन्म बाबांनी तिथे धूर गिळला. तोंडाला फडकं बांधा म्हटलं तर म्हणायचे, मी काय दरोडा घालायला चाललोय? आता फुप्फुसांची पार चाळण झाली. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून दाखवला. तेव्हापासून वर्कशॉप धाकट्याकडे आणि बाबा माझ्याकडे. ही वाटणी कुणी बसून केली नाही, ती आपोआप झाली. मी लग्न केलेलं नाही, म्हणून माझ्याकडे वेळच वेळ असतो, असं आमच्या घरातलं जुनं गणित आहे.

तर घरात प्राणवायू आला. एक नाही, तीन तऱ्हांनी आला. पहिला तो कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे कोपऱ्यात बसून खोलीतलीच हवा ओढणारं, ती गाळून प्राणवायू तेवढा नळीतून नाकात सोडणारं मशीन. दिवसरात्र गुंगुं करतं म्हणून बाबांनी त्याचं नाव ठेवलं भुंगा. भुंग्याला विजेशिवाय दम नाही. वीज गेली की भुंगा मेला. म्हणून दुसरा, खाटेच्या उशाशी उभा असलेला मोठा सिलिंडर. अंग काळं आणि मानेखालचा खांदा पांढराशुभ्र. तो रोज वापरायचा नाही, वीज गेली तर आपला धीराचा गडी म्हणून ठेवायचा. आणि तिसरा हलकाफुलका, पिशवीत घालून खांद्याला अडकवायचा, बाबांना तपासणीला नेताना लागतो तेवढा. त्याच्यात जीव तो केवढा, दवाखान्यात जाऊन येईपर्यंत पुरला म्हणजे मिळवली.

वर्कशॉपातले सिलिंडर नखशिखांत काळे. आत गॅस तोच, लोखंड कापायच्या ज्योतीला लागतो तो प्राणवायूच. पण तिथे नळ्यांतून काय उलटं फिरून आत शिरलं असेल याचा भरवसा नाही, आणि भरतानाही कुणी नाकासाठी म्हणून भरत नाही. बाबांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं की वर्कशॉपातला नाकाला लावायचा नाही आणि पांढऱ्या खांद्याचा वर्कशॉपात न्यायचा नाही. हा नियम बाबांचाच. विसरू नका, पुढे लागणार आहे.

खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी मला असं शिकवलं, जणू मी कामावर आलेली नवी उमेदवार. सिलिंडर उभाच ठेवायचा आणि साखळीने खिडकीच्या गजाला बांधायचा. आडवा पडून मान तुटली तर तो भिंत फोडून शेजाऱ्यांकडे विचारपूस करायला जातो, असं म्हणून स्वतःच हसले आणि मग खोकले. रेग्युलेटर बसवायच्या आधी व्हॉल्व्ह किंचित उघडून फुस्स करायचा, तोंडाशी साचलेली धूळ उडून जाते. उघडताना समोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. पाना लावून हळू, अगदी हळू फिरवायचा. आसपास विस्तव नको, काडी नको, मेणबत्ती नको. प्राणवायू स्वतः जळत नाही, पण तो असला की बाकी सगळं जळायला नुसतं टपून बसलेलं असतं.

आणि तेल नको. तेल, ग्रीस, मलम, काही म्हणजे काही नको. दाबाखालचा प्राणवायू आणि तेल एकत्र आलं की पेटायला ठिणगीसुद्धा लागत नाही. डोळ्यांत तेल घालून बाबांना जप, असं मला सगळे सांगून जात, पण आमच्याकडे नेमकं तेलच चालत नव्हतं. माझं शिलाई मशीन तेव्हा त्यांच्याच खोलीत होतं. एकदा मशीनला तेलाचे थेंब सोडले, फडक्याला हात पुसले आणि तशीच रेग्युलेटर बघायला गेले. बाबा खाटेवरून असे ओरडले की रस्त्यावरचं माणूस थांबून खिडकीतून बघायला लागलं. इतका श्वास त्यांच्यात कुठून आला, देव जाणे. मारणार आहेस का मला, म्हणाले. मी शिलाई मशीन उचलून आतल्या खोलीत नेलं. तेव्हापासून साबणाने हात धुतल्याशिवाय सिलिंडरला बोट लावलं नाही. भावजय एकदा त्यांच्या नाकाला नळी घासते म्हणून मलमाची डबी घेऊन आली, ती मी दारातूनच परत पाठवली. ती फुगून बसली. फुगेना का, माझं काय जातंय.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी. रेग्युलेटरवर मीटर असतो, त्याचा काटा सांगतो आत किती आहे. पण व्हॉल्व्ह बंद असला की काटा शून्यावर. सिलिंडर गळ्यापर्यंत भरलेला असो नाहीतर ठणठणीत रिकामा, बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. आत काय आहे ते उघडल्यावरच कळतं. म्हणून मी रोज सकाळी हात धुऊन व्हॉल्व्ह उघडायची, काटा भरल्याच्या खुणेवर जाताना बघायची, बाबांना म्हणायची भरलाय, आणि पुन्हा बंद करायची. बाबा मान हलवायचे. आमच्या दिवसाची सुरुवात तशी व्हायची.

त्या दिवशीही सकाळी काटा भरल्यावर गेला होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, बाबांना म्हटलं भरलाय, आणि त्यांनी मान हलवली.

दुपारी मी शिवलेले गणवेश शाळेत पोचवायला गेले. बाबांना पाणी, फोन, सगळं हाताशी ठेवलं होतं, आणि शेजारच्या काकू मधून डोकावणार होत्या. शाळेत दोन विजारींच्या कमरा उसवायला लावल्या, त्यात उशीर झाला. परत आले तेव्हा बाबा झोपले होते, भुंगा चालू होता, सिलिंडर जागेवर होता, साखळी होती. मी आत जाऊन पुन्हा शिवायला बसले.

दिवेलागणीला वीज गेली. भुंग्याने एक लांब शिट्टी मारली आणि तो गप्प झाला. त्या घरात ती शांतता मी कधी ऐकली नव्हती. मी घाबरले नाही, खोटं कशाला सांगू. याच दिवसासाठी तर सगळी तयारी होती. हात धुतले, टॉर्च घेतला, बाबांना म्हटलं काळजी करू नका, आणि नळी भुंग्याची काढून सिलिंडरला जोडली. पाना लावला. बाजूला उभी राहून हळूच फिरवला.

काटा हलला नाही.

आणखी फिरवला. मग पूर्ण उघडला. टॉर्च मीटरवर धरला, बोटाने काच ठोकली. काटा शून्यावर चिकटल्यासारखा बसून राहिला. आणि तेव्हा टॉर्चच्या उजेडात मला सिलिंडरचा पांढरा खांदा दिसला. त्याच्यावर व्हॉल्व्हच्या खाली एक काळा, तेलकट, रुंद अंगठा उमटलेला होता. रेषा न् रेषा दिसत होती. आमच्यात इतका काळा अंगठा एकाच माणसाचा आहे, आणि तो माणूस या घरात राहत नाही.

विचार करायला वेळ कुठला. बाबांची छाती वरखाली व्हायला लागली होती, ओठ निळसर पडत चालले होते, आणि ते माझ्याकडे नाही, सिलिंडरकडे बघत होते. काकू मेणबत्ती घेऊन धावत आल्या. मी दारातच त्यांच्यावर खेकसले की ती आधी विझवा आणि बाहेर फेका. बिचाऱ्यांनी फुंकर मारली आणि अंधारात दाराच्या चौकटीवर आदळल्या. नंतर मला त्याचं हसू आलं, कडू हसू. काकूंनी दहा मेणबत्त्या आणल्या असत्या तरी काही बिघडलं नसतं. घरात प्राणवायू होताच कुठे?

तपासणीवाला छोटा सिलिंडर आठवला. आदल्या दिवशी त्यातला बराचसा संपला होता, भरायला टाकायचा राहिला होता. नशीब म्हणायचं. तळाशी होता तेवढा मी अगदी बारीक धारेने सोडला. बाबांना बसतं केलं, पाठीला उशा लावल्या, ओठांचा चंबू करून हळू सोडा श्वास, असं सांगत राहिले. काकूंनी रुग्णवाहिकेला फोन लावला. मी धाकट्याला लावला. म्हटलं, वीज गेलीय आणि मोठा सिलिंडर रिकामा आहे. तो म्हणाला, येतो. कसा काय रिकामा, असं त्याने विचारलं नाही. कुणीही विचारलं असतं.

रुग्णवाहिकेला गल्ली सापडेना. बाबांजवळ काकूंना बसवून मी कोपऱ्यापर्यंत पळत गेले आणि टॉर्च हलवत गाडीच्या पुढे पळत परत आले. अनवाणी होते, हे दवाखान्यात फरशी गार लागली तेव्हा कळलं.

बाबा वाचले. ते एकदाचं सांगून टाकते, तुमचा जीव टांगणीला नको. मोठा मास्क लावला, नाकातोंडावर वाफ दिली, रंग परत आला. पडद्याआड खाटेभोवती आम्ही तिघं उभे, मी, धाकटा आणि भावजय. तरुण डॉक्टर आले. चेहरा दमलेला, पण आवाज चढलेला. घरी जास्तीचा सिलिंडर असताना तो रिकामा कसा, रोज बघत नाही का कुणी, माणूस गेला असता. बरोबरच होतं त्यांचं. मी तोंड उघडलं. सकाळी काटा भरल्यावर होता, एवढं मी बोलले असेन. बाबांनी हात वर केला, मास्क बाजूला ओढला आणि दम लागत लागत म्हणाले, "व्हॉल्व्ह उघडा राहिला. मुलीकडून."

नर्सने मास्क परत बसवला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून मला समजावलं की व्हॉल्व्ह बंद झालाय ना हे दोनदा बघत जा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बाप मास्कखाली धापा टाकत असताना त्याला खोटं पाडायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी धाकट्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी बोलेल. तो खाली बघत उभा होता आणि त्याचे दोन्ही हात खिशात होते. भावजय माझ्या खांद्यावर हात ठेवून डॉक्टरांना म्हणाली, ताईंना कामंच इतकी असतात, होतं असं. मलमाची डबी तिने अशी वसूल केली.

बाबांना ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी कपडे आणायला मी एकटी घरी आले. वीज आली होती आणि भुंगा रिकाम्या खाटेशेजारी गुंगुं करत नुसता फुकट राबत होता. त्याला बंद केला. मग सिलिंडरकडे गेले. मनाशी ठरवलं होतं की त्या अंगठ्याचा फोटो काढायचा आणि डॉक्टरांना, धाकट्याला, भावजयीला, सगळ्यांना एका ओळीत उभं करून दाखवायचा.

खांदा पांढराशुभ्र होता. डाग नाही, रेघ नाही.

क्षणभर मला वाटलं, अंधारात मलाच भास झाला. मग खाटेवरची चादर ओढली. उशाकडच्या कोपऱ्यात, सिलिंडरच्या बाजूला, काळं फासलेलं होतं. नीट घट्ट दाबून पुसलेलं. तिथे हात पोचतो तो खाटेवर पडलेल्या माणसाचाच. काकूंना फोन केला, बाबांजवळ होतात तेव्हा सिलिंडरला हात लावलात का, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, छे गं, अंधारात माझी पाचावर धारण बसली होती, मी नुसती दारात उभी राहून गाडीची वाट बघत होते. बाबा मात्र उठायची धडपड करत होते, म्हणाल्या, मला वाटलं जीव घाबरा झालाय.

मी खाटेवर बसले. हा माणूस गुदमरत होता. छोट्या सिलिंडरच्या तळाचा शेवटचा प्राणवायू नाकात जात होता, तोही मी जीव मुठीत धरून सोडलेला. मी त्यांच्यासाठी रस्त्यावर अनवाणी पळत होते. आणि हा माणूस उरलासुरला जोर एकवटून चादरीच्या टोकाने मुलाचा अंगठा पुसत होता.

ती चादर मी धुतली नाही. घडी घालून शिलाईच्या कपाटात ठेवली.

बाबा घरी आले. मोठा सिलिंडर भरून आला. सिलिंडरवाल्याला मी व्हॉल्व्हचं तोंड पुन्हा पुन्हा बघायला लावलं. तो म्हणाला, तेल लागलं होतं, बरं झालं भरलेला असताना कुणी उघडला नाही, आता साफ करून दिलाय. दोन दिवस मी बाबांशी कामापुरतं बोलले. तिसऱ्या दिवशी त्यांना बसतं करून पाणी दिलं आणि चादरीचा कोपरा मांडीवर ठेवला. काही विचारलं नाही. त्यांनी तो काळा डाग पाहिला आणि बराच वेळ बोटाने चाचपत राहिले.

"मीच त्याला ने म्हणालो," बाबा म्हणाले.

हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं होतं, त्याने झोपलेल्या बापाच्या उशाचा सिलिंडर उचलून नेला. तसं नव्हतं. वर्कशॉपात सिलिंडर आलेच नव्हते, टाकी अर्धवट कापून पडली होती, गिऱ्हाईक डोक्यावर उभं होतं. धाकटा दुपारी बापाकडे येऊन हातपाय गाळून बसला. तेव्हा बाबा म्हणाले, हा घेऊन जा, ती यायच्या आत आणून ठेव, उद्या गुपचूप भरून आण. स्वतःचा नियम स्वतःच्या तोंडाने मोडला. ती यायच्या आत, म्हणजे मी यायच्या आत. मी परत आले तेव्हा ते झोपले नव्हते, झोपेचं सोंग घेऊन पडले होते. संध्याकाळी मी पाना फिरवत होते तेव्हा त्यांना माहीत होतं की काटा हलणार नाही, आणि तरी ते गप्प बसले.

मी विचारलं, मग माझं नाव का घेतलंत? खरं सांगायचं नव्हतं तर स्वतःवर घ्यायचं. पडल्या जागेवरून मीच हात लावला म्हणायचं.

"त्याला वर्कशॉप चालवायचंय. बापाचा जीव घेणार होता असं झालं तर त्याच्याकडे कोण येईल? बायकोपोरं आहेत त्याला," बाबा म्हणाले. दम घेतला. मग अगदी सहज, मला समजावून सांगावं तसे म्हणाले, "तुला कोण काय बोलणारे? तुझं काय बिघडतंय?"

मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. इतकी वर्षं मला वाटायचं की बाबांचं धाकट्यावर जास्त प्रेम आहे आणि माझ्यावर थोडं कमी. कमीजास्तचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या हिशेबी माझं बिघडण्यासारखं काही नव्हतंच.

आणि बोलणारे तर बोलतच होते. आत्याचा फोन आला, जरा लक्ष देत जा गं. भावजयीच्या माहेरपर्यंत बातमी पोचली होती. शाळेच्या बाईंनीसुद्धा गणवेश घेताना विचारलं, वडिलांच्या बाबतीत काहीतरी विसरलात म्हणे तुम्ही? मी काकूंना तेवढं खरं सांगितलं. त्या हळहळल्या आणि म्हणाल्या, जाऊ दे, घरातलं घरात राहू दे. मी कपाळावर हात मारून घेतला.

मग मी एकच केलं. बाजारात जाऊन चांगलं दणकट कुलूप आणलं आणि सिलिंडरच्या साखळीला घातलं. व्हॉल्व्ह मोकळा, वीज गेली तर क्षणात उघडता येईल असा. फक्त सिलिंडर गजापासून सुटणार नाही. किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली. बाबा बघत होते.

पुढच्याच महिन्यात धाकटा भर दुपारी दारात. तेच हात, तोच चेहरा. वर्कशॉपात पुन्हा सिलिंडर आले नव्हते आणि एका जिन्याचं काम अडलं होतं. माझी नजर चुकवत म्हणाला, ताई, किल्ली दे, संध्याकाळच्या आत भरून आणतो, या वेळी नक्की. मला वाटलं माझ्या कानांना काहीतरी झालंय. मी नाही म्हणायच्या आतच खाटेवरून बाबा म्हणाले, दे त्याला. अडलाय तो.

मी गळ्यातला दोरा काढला. धाकट्याने हात पुढे केला. मी त्याला वळसा घालून खाटेपाशी गेले आणि किल्ली बाबांच्या तळव्यावर ठेवली.

"सिलिंडर तुमचा, श्वास तुमचा, मुलगाही तुमचा," मी म्हणाले. "द्यायची तर तुमच्या हाताने द्या. फक्त संध्याकाळी वीज गेली तर या वेळी मी मधे नाही. तेवढं आत्ता त्याच्यासमोर बोला आणि मग द्या."

बाबांनी किल्लीकडे पाहिलं. धाकट्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या भुंग्याकडे, आणि त्याच्या वायरीमागून भिंतीतल्या बटणापर्यंत त्यांची नजर गेली. धाकटा हात पुढे करून उभाच होता. बाबांची मूठ हळूहळू मिटली आणि पांघरुणाखाली गेली. दुसरीकडून मिळतो का बघ, असं ते भिंतीकडे बघत पुटपुटले. धाकटा पाय आपटत निघून गेला.

संध्याकाळी मी जेवण घेऊन गेले तेव्हा बाबा म्हणाले, "तुझ्यामुळे पोराचं काम अडलं."

मी ताट ठेवलं आणि हात धुवायला गेले. मी अजून रोज सकाळी काटा बघते, भरलाय म्हणते, ते मान हलवतात. किल्ली त्यांनी मला परत दिलेली नाही. उशीखाली ठेवतात, आणि धाकटा भेटायला आला की उशीवर डोकं घट्ट दाबून पडून राहतात. आल्यागेल्याने विचारलं, हे कुलूप कशाला हो, तर त्याला सांगतात, मुलगी जरा विसरभोळी आहे, तिच्यासाठी लावलंय.